खिळ्यावरची रोटी

आमच्या गावाचं नाव हफ्तचिनार, म्हणजे सात चिनार. उभा आहे एकच. उरलेले सहा कुणी तोडले हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक आहे, आणि प्रत्येकाच्या मते ते शेजाऱ्याच्या आजोबाने तोडले.

मार्चमध्ये घाटातला बर्फ उतरला की गावातले पुरुषही असेच नाहीसे होतात. ते कुठे गेले हे मात्र सांगता येतं. रशियात. कुणी भिंती बांधायला, कुणी रस्ते झाडायला, कुणी तिथे पोचल्यावर कळेल ते करायला. परततात नोव्हेंबरात. मधले आठ महिने गावात बायका, पोरं आणि आम्ही सहा म्हातारे. जनाजा न्यायला सहा माणसं पुरतात, पण त्यासाठी मरणारा सातवा असावा लागतो. म्हणून उन्हाळाभर आम्ही सहाही जण एकमेकांच्या तब्येतीची फार मनापासून चौकशी करतो.

बाकी गाव चालतं. पाटाचा गाळ बायका काढतात, ट्रॅक्टर बायका चालवतात, पाण्याच्या पाळीवरून भांडणंही बायकाच करतात आणि पुरुषांपेक्षा बरी करतात. शाळेत पहिलीच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस ऑगस्टच्या एकाच पंधरवड्यात येतो. पोरांना बाप म्हणजे फोनमधला माणूस. नोव्हेंबरात खरा बाप दारात उभा राहिला की एखादं पोर त्याला पाहून भोकाड पसरतं, आणि मग त्याच्याच हातातला फोन पाहून गप्प होतं.

निघण्याची आमची एक रीत आहे. निघणाऱ्याने उंबऱ्यात उभं राहून तंदुरातल्या ताज्या रोटीचा एक घास चावून घ्यायचा. हाताने तोडायचा नाही, दातांनीच घ्यायचा. उरलेली रोटी फडक्यात बांधून भिंतीवरच्या खिळ्याला टांगतात. ती दुसऱ्या कुणी खायची नाही, खाली उतरवायची नाही. नोव्हेंबरात तो आला की चहात भिजवून संपवतो, आणि संपवली की मगच तो घरी आला असं धरतात. आमची हवा कोरडी, रोटीला बुरशी येत नाही. ती फक्त लाकूड होत जाते.

त्यामुळे उन्हाळ्यात कुणाच्याही घरी गेलं की भिंतीवर घरधनी टांगलेला. माझ्यापुरतं तर हे शब्दशः खरं. चौतीस वर्षं मी जिल्ह्याच्या इस्पितळात दात बसवायचं काम केलं. या खोऱ्यातल्या पस्तिशीच्या वरच्या प्रत्येक तोंडात माझा अंगठा जाऊन आलेला आहे. नावं मी आताशा विसरतो. पण चावलेली रोटी दाखवा, माणूस सांगतो.

जूनमध्ये, छपरांवर जर्दाळू वाळत होते तेव्हा, एका शुक्रवारी सकाळी अंझुरत माझ्या अंगणात आली. तिशीची, हाडापेराने मोठी, हाताला कायम ट्रॅक्टरचं तेल.

"अमक, एक दात बघायचाय," ती म्हणाली. अमक म्हणजे काका. मी सगळ्या गावाचाच अमक आहे.

"बस. आ कर."

"माझा नाही. ते तोंड इथे नाहीये."

"मग दात कुठाय?"

"भिंतीवर."

मी चष्मा पुसला. माझ्या धंद्यात विचित्र तक्रारी येतात, पण त्या साधारणपणे दाताच्या मालकाकडून येतात.

अंझुरत ही बीबी सनोबरची सून. बीबी सनोबरला एकच मुलगा, नुस्रत. लग्नाला आठ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं नुस्रत हिवाळ्यात घरी आला. त्या तीन हिवाळ्यांचा हिशोब केला तर दोघांचा संसार साधारण वर्षभराचा भरतो. मग पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याने रोटी चावली, मिनीबसमध्ये बसला, आणि आलाच नाही. दोन वर्षं अधूनमधून फोन यायचा. गेली तीन वर्षं त्याच्या नंबरावर एक बाई रशियन भाषेत सांगते की असा नंबर अस्तित्वात नाही. बीबी सनोबर दर शुक्रवारी त्या बाईला सलाम करते आणि नुस्रतला निरोप द्यायला सांगते.

गावातल्या बाकीच्या रोट्या दरवर्षी बदलतात. ही एकटी पाच वर्षांची.

घरी गेलो तर बीबी सनोबर दारातच उभी. तिचा चेहरा असा उजळलेला मी तिच्या लग्नानंतर प्रथमच पाहिला.

"या, या, तिलो अमक! आम्हाला तर सगळे हसत होते ना? आता बघा. माझा लेक जेवतोय!"

आत गेलो. खिळ्यावरचं फडकं सोडलेलं होतं. मी रोटीला हात लावला नाही; रीत ती रीत. खाली वाकून, चष्मा कपाळावर ढकलून बघितलं.

जुना घास डावीकडे होता, तो मला परिचयाचा. नुस्रतचा वरचा समोरचा डावा दात कोपऱ्यात तिरका तुटलेला. लहानपणी जर्दाळूच्या बिया दातांनी फोडायचा. मी त्याला स्टीलची टोपी घालून देतो म्हटलं होतं, तो म्हणाला, "अमक, हसलो की कळेल सगळ्यांना." त्यामुळे त्याच्या प्रत्येक घासाला एका जागी छोटासा दात्रा राहतो. कुलपाच्या किल्लीसारखा.

जुन्या घासाशेजारी नवा घास होता. त्यालाही तोच दात्रा.

"उंदीर," मी म्हणालो. वैद्यकाशी संबंध असलेल्या माणसाने आधी उंदीर म्हणून बघावं.

"उंदराला दात किती असतात, अमक?" अंझुरतने विचारलं.

उंदीर कुरतडतो. पाच वर्षांची रोटी माणसाने चावली तर ती तुकडे होऊन फुटते, आणि बहुधा दातही तिच्याबरोबर जातो. हा घास मात्र गुळगुळीत होता. तंदुरातून आत्ता काढलेल्या गरम रोटीचा घ्यावा तसा. कडेला मी नाक नेलं. कड ओली होती.

खाली जमिनीवर रोटीचा चुरा नव्हता. चिमूटभर करडी पूड पडली होती. मी बोटाला लावून पाहिली. आमच्या खोऱ्यात तो वास तान्ह्या पोरालाही कळतो. नोव्हेंबरात सगळ्यांच्या कपड्यांतून तोच येतो. सिमेंट.

"बघितलंत?" बीबी सनोबर म्हणाली. "कामावरून थेट येतो. हातसुद्धा धूत नाही. लहानपणापासून असाच."

अंझुरत मला तंदुरामागे घेऊन गेली. आधी तिने झग्याला हात पुसले, मग ते परत मळले, मग पुन्हा पुसले.

"अमक, हे मी केलंय."

"चावलंस?"

"नाही हो. काल गुरुवार. मी त्याच्या नावाने तेल तापवलं."

मी घराच्या भिंतीकडे बघितलं. वारलेली माणसं गुरुवारी संध्याकाळी आपापल्या घरी फेरी मारतात. कढईत तेल तापवून चार पापड्या तळायच्या; तो वास त्यांना पोचतो, त्यांचं पोट भरतं, ती दुवा देऊन परततात. हे आमच्याकडे गेलेल्यांसाठीच करतात. ज्याची रोटी खिळ्यावर आहे त्याच्यासाठी तेल तापवणं म्हणजे जिवंत माणसाच्या घरी जनाजा घेऊन जाण्यासारखं.

"सासूला ठाऊक आहे?"

"तिला वाटतं मी सासऱ्यांच्या नावाने तळते." तिने आवाज खाली आणला. "मला फक्त कळायला हवं होतं, अमक. खुजंद शहरात बहिणीने शिवणाच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा धरलीय, सप्टेंबरपर्यंत. मुल्लासाहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, जिवंत नवऱ्याची बायको, जातेस कुठे? म्हटलं, जिवंत कशावरून? म्हणाले, रोटी आहे ना खिळ्यावर. म्हटलं, मग उतरवते रोटी. म्हणाले, जिवंत नवऱ्याची रोटी उतरवतेस? मी सधवा नाही, विधवा नाही, टाकलेली नाही. मी म्हणजे काय, त्या भिंतीवरचा दुसरा खिळा?"

"म्हणून तेल."

"म्हटलं, मेला असेल तर वासाला येईल. स्वप्नात तरी येईल. काहीतरी सांगेल. आणि नसेल मेला तर नुसतं तेल वाया गेलं. मला हे ठाऊक नव्हतं की तो येऊन जेवेल."

त्या दुपारी चिनाराखालच्या बाकावर आम्ही सहा जण बसलो. मी गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही, यावरूनच कळलं की आम्ही सगळे खरंच म्हातारे झालो आहोत.

मुल्ला शम्स आमच्यातलेच, वयाने चौथे. दाढी विंचरत ते म्हणाले, "गेलेला माणूस फक्त वास घेतो. चावत नाही. चावायची त्याला परवानगी नाही."

"कुणाची परवानगी?" सांगीनने विचारलं. सांगीन म्हणजे गावातल्या एकमेव चालू मोटारीचा मालक, त्यामुळे त्याला अधिकाऱ्यांची भाषा येते.

"तशी रीत आहे."

"मग जिवंत असेल."

"जिवंत माणूस मॉस्कोत बसून हफ्तचिनारची रोटी खाईल कसा? जिवंत माणसाला तिकीट लागतं, पासपोर्ट लागतो."

"म्हणजे मेलेला नाही कारण चावतो, आणि जिवंत नाही कारण तिकीट नाही," सांगीन म्हणाला. "मग आहे काय?"

वर चिनाराची पानं हलत होती, वारा नसताना.

"तिकडे आठ-आठ महिने राहून माणसं अशी होतही असतील," शेवटी मुल्ला शम्स म्हणाले.

गावात बातमी लपत नाही, विशेषतः पुरुष नसताना. पुरुष असले की निदान चुकीची पसरते. शनिवारपर्यंत अर्ध्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांच्या रोट्यांवर दुहेरी फडकी बांधली. पुढच्या गुरुवारी गावात एकाही घरी तेल तापलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गुरुवारची संध्याकाळ बिनवासाची गेली. ज्यांची माणसं खरोखर गेलेली होती त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनीही कढई काढली नाही. कोण येईल सांगता येत नव्हतं.

अंझुरतनेही तेल तापवलं नव्हतं. तरी शुक्रवारी सकाळी ती अंगणात हजर.

"अमक, तिसरा."

जाऊन बघितलं. तोच दात्रा, तीच ओली कड. खाली चिमूटभर सिमेंट. एकदा बोलावल्यावर पुन्हा बोलवावं लागत नाही, हे आमच्याकडच्या पाहुण्यांबद्दल खरंच आहे.

तेव्हापासून दर शुक्रवारी मी त्या घरी जायचो. बीबी सनोबर मला जर्दाळू द्यायची, मी वाकून बघायचो, आणि रोटी एका घासाने कमी झालेली असायची. मग दोन घासांनी. भूक वाढत होती. रोटीला नवा घास लागला की घरातही काहीतरी थोडं हलायचं. कुत्रा दाराकडे बघून शेपटी हलवायचा, आणि मग अचानक खाटेखाली जायचा. एकदा उंबऱ्यापाशी जमीन ओली होती. बुटाचा ठसा नव्हता, पण ओल बुटाच्या मापाची होती. बीबी सनोबरने ट्रंकेतून नुस्रतचा हिवाळी कोट काढून अंगणात वाळत घातला. खिळ्याखाली एक नवी गादी पसरली.

"उठायला-बसायला लागेल त्याला," ती म्हणाली.

"बीबी, तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"कशाची, तिलो? स्वतःच्या पोराच्या दातांची? हे दात फुटताना मी आठ रात्री जागलेय."

माझ्या धंद्यात दात फुटण्याचा भाग येत नाही.

अंझुरत मात्र वाळत चालली होती. ती आता त्या खोलीत झोपत नसे. ट्रॅक्टरवरून येऊन अंगणातच बसून राहायची, पाठ भिंतीला लावून, तोंड दाराकडे.

"अमक," एका शुक्रवारी ती म्हणाली, "रोटी संपली की तो घरी आला असं धरणार ना?"

"रीत तीच आहे."

"मग मी त्याची बायको."

"हो."

"कुणाची, अमक?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "म्हणजे, जे काय येतंय ना, ते. ते रात्री गादीवर बसेल. सासू मला म्हणेल, पाणी दे. मी देईन. मग ती म्हणेल, कपडे धू. आणि मग? मुल्लासाहेबांना विचारलं, तर ते म्हणतात, आधी येऊ तर दे. घरी आलेल्या नवऱ्याला सोडून कुठल्या बाईला जाता येतं? मेलेला असता तर मी रडले असते, सुटले असते. आला नसता तर वाट बघत म्हातारी झाले असते. हे मधलं मला नको."

रोटी तेव्हा तळहाताएवढी उरली होती. तीन घासांची.

"परत गुरुवार येतोय," ती म्हणाली. "तुम्ही या. मुल्लासाहेबांनाही आणा. दोन साक्षीदार लागतात."

"कशाला?"

तिने सांगितलं. मी माझा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मुलीला कारखान्यात शिवणाला पाठवणं म्हणजे तिची बुद्धी वाया घालवणं होतं.

गुरुवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर आम्ही गेलो. ऊन अजून भिंतीवर होतं. खोलीत खिळा, खिळ्यावर फडकं, खाली गादी. बीबी सनोबर गादीच्या उजव्या बाजूला बसलेली, डोक्याला नवा रुमाल. अंझुरतने कोपऱ्यात चूल मांडली होती आणि कढईत तेल तापत होतं.

बीबी सनोबर तेलाकडे बघून म्हणाली, "हे कुणाच्या नावाचं?"

"त्याच्या," अंझुरत म्हणाली. "सुरुवातीपासून त्याच्याच नावाचं होतं."

मला वाटलं, म्हातारी आता शिव्या देईल. ती म्हणाली, "बरं. मीठ घातलंस ना पापडीत? त्याला मिठाशिवाय चालत नाही."

अंझुरत मुल्ला शम्सकडे वळली. "मुल्लासाहेब, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही चार तलाक फोनवरून मान्य केले."

"आवाज ओळखला होता."

"सफिनाच्या नवऱ्याचा तर नुसता मेसेज होता. मेसेजला आवाज असतो?"

"नंबर त्याचाच होता ना, बाई."

"मग हे दातही त्याचेच आहेत. अमकांनी तपासलेत. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाने."

मुल्ला शम्सनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नोकरीत एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

"पण तो जिवंत की गेलेला, हेच ठरलेलं नाही," मुल्ला म्हणाले.

"गेला असेल तर मी विधवा. जिवंत असेल आणि त्याने सोडलं तर मी मोकळी. नाही सोडलं तर मी इथेच, मरेपर्यंत. तिन्हींतलं काहीही चालेल मला. तीन वर्षं कुणी काही सांगतच नाही, मुल्लासाहेब. त्याला फोन नाही, तोंड नाही. दात आहेत. तेवढ्यावर जे सांगता येईल ते त्याने सांगावं."

मुल्ला शम्सनी जपमाळ काढली आणि पुन्हा खिशात घातली. "बोल," ते म्हणाले.

अंझुरतने पापडी तेलात सोडली. वास खोलीभर झाला. बाहेर कुत्रा एकदा भुंकला आणि गप्प झाला. ऊन भिंतीवरून अजून गेलं नव्हतं, पण खोलीत गार झालं. पायांपासून वर येणारं गार, नव्या बांधकामात येतं तसं.

तिने फडकं सोडलं. उरलेली रोटी समोर आली.

"नुस्रत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, ट्रॅक्टरच्या डिझेलचं विचारावं तसा. "तीन घास उरलेत. तिन्ही घेतलेस तर तू तीन तलाक दिलेस असं मी धरीन. दोन घेतलेस आणि थांबलास, तर मी तुझी बायको, कायमची. काहीही झालं तरी मी तोंड फिरवणार नाही. ही साक्षीची माणसं आहेत."

बीबी सनोबर ताडकन सरळ बसली. मला दिसलं ते एवढंच, की इतके आठवडे "खा, बाळा, खा" म्हणणाऱ्या बाईच्या तोंडातला शब्द अर्ध्यावर अडकला. मुलगा सगळं खाऊन संपवेल तर घरी येईल. आणि सगळं खाऊन संपवेल तर सून जाईल. सूनच दूध काढायची, सूनच सरपण फोडायची, सूनच रात्री तिच्या गुडघ्यांना तेल चोळायची. पाच वर्षं या घरात फक्त त्या दोघी होत्या.

तेव्हा ऐकू आलं.

चावण्याचा आवाज माझ्याइतका कुणी ऐकला नसेल. ताजी रोटी, कडक पोळी, सफरचंद, जर्दाळूची बी. डोळे मिटून सांगेन. हा ताज्या रोटीचा होता. मऊ, सावकाश. रोटीच्या कडेला एक अर्धगोल उमटला आणि एका जागी त्याला दात्रा राहिला. घास कुठेच पडला नाही. गादीवर बारीक करडी पूड उतरली.

"एक," अंझुरत म्हणाली.

मुल्ला शम्सचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दुसरा घास आला. या वेळी गादी मधोमध दबली, कुणी मांडी घालून बसावं तशी. कढईतली पापडी करपू लागली होती, कुणी काढली नाही.

"दोन."

आणि थांबलं.

खिळ्याला टांगलेल्या फडक्यात आता अंगठ्याएवढा तुकडा होता. आम्ही त्याच्याकडे बघत होतो. ऊन भिंतीवरून खाली सरकलं, गादीच्या कडेला आलं आणि तिथे गेल्यावर थोडं काळवंडलं. अंझुरत हलली नाही. तिच्या हातातल्या झाऱ्यातून तेलाचे थेंब तिच्याच पावलावर पडत होते. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगत आलो, आणि तेव्हा माझंच उघडत नव्हतं.

बीबी सनोबरने सुनेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गादीकडे वळून, अगदी हळू, झोपलेल्याला उठवावं तशी म्हणाली, "आईला विचारतोस होय? खा, बाळा. घरी ये. तिला जाऊ दे."

तुकडा गेला.

"तीन," अंझुरत म्हणाली, आणि झारा खाली ठेवला.

फडकं खिळ्यावर रिकामं लोंबत राहिलं. मुल्ला शम्सनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "झाला," ते म्हणाले. "मी साक्षी आहे." मग माझ्याकडे बघून, सवयीने, "दात त्याचेच ना?"

"त्याचेच."

बीबी सनोबर गादीकडे सरकून बसली. हात पुढे करून तिने हवेत काहीतरी झटकलं, खांद्यावरची पूड झटकावी तसं. तिच्या बोटांना करडं लागलं.

"किती वाळलाय," ती म्हणाली. "अंझुरत, चहाचा पियाला भर. दमून आलाय."

अंझुरत चहाच्या समोवारपाशी गेलीच होती. आठ वर्षांची सवय. तिचा हात तोटीवर पोचला आणि तिथेच राहिला. मग तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, तोंडावर घेतला, आणि एक टोक दातांत धरून नजर जमिनीकडे लावली. आमच्याकडे बाई परक्या पुरुषासमोर असंच करते.

"आई, तुम्हीच भरा," ती रुमालाआडून म्हणाली. "घरात परका माणूस आहे. मी समोर बसणं बरं दिसायचं नाही."

आणि गादीवरच्या कुणाचे पाय ओलांडावे लागू नयेत म्हणून पार भिंतीला अंग चोरून, कडेकडेने ती खोलीबाहेर गेली.

आम्हीही उठलो. मुल्ला शम्सनी बीबी सनोबरचा निरोप घेतला आणि घाईने बूट शोधू लागले. मीही सलाम केला. मग थोडा थांबलो, आणि गादीकडे बघून आणखी एक केला. आला माणूस, त्याला न विचारता जाणं बरं नाही.

बीबी सनोबर दोन पियाले भरत होती.